बॅटरीवरचा मिक्सर-रेकॉर्डर : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आम्ही दोन माइकांच्या, घरी बनवलेल्या रेकॉर्डरविषयी एक टिपण दिले होते. ते वाचून ठाणे आणि नवी मुंबई या भागांतून बरीच पत्रे आली. त्यांतील पाच येथे थोडक्यात देऊन उत्तरे लिहिली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या चारही प्रश्नांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : माझी आजी आगरी लग्नांत धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, म्हणते. आमच्या गावात अशा धवलारणी आता मोजक्याच उरल्या आहेत. आजी पद उचलते आणि दोन-तीन बायका तिच्या मागून म्हणतात. येत्या लग्नसराईत हे सारे नीट मुद्रित करून ठेवण्याची इच्छा आहे. चार माइक घेणारा, चारही आवाज वेगवेगळे साठवणारा आणि जागेवर हेडफोनमध्ये ते मिसळून ऐकवणारा छोटा मिक्सर-रेकॉर्डर स्वतः बनवावा, असा विचार आहे. मांडवातल्या विजेवर विसंबायचे नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेली आहे. परंतु चिप कोणती घ्यावी, येथपासूनच अडलो आहे. (एक वाचक, घणसोली)

उत्तर : चिपचा प्रश्न आपण सर्वांत शेवटी घ्यावा. बॅटरीवरच्या यंत्राचा आराखडा दोन टोकांकडून बांधत आणावा लागतो. एका टोकाला आपल्याला टिपायचा असलेला सर्वांत मंद आवाज असतो आणि दुसऱ्या टोकाला बॅटरीच्या एका संचात काढायचे तास असतात. ही दोन टोके एकदा समोरासमोर बसवली की मधल्या बहुतेक गोष्टी आपोआप ठरतात आणि चिपची निवड दोन-तीन नावांवर येऊन थांबते.

आधी मंद आवाजाचे टोक पाहू. आजी पद उचलताना मोकळ्या आवाजात म्हणत असतील, पण एखादा शब्द आठवताना किंवा ओळीच्या शेवटी आवाज खाली येतो आणि तो साध्या बोलण्याइतका उरतो. साधे बोलणे एक मीटरवर सुमारे ६० डेसिबल भरते. ९४ डेसिबल म्हणजे १ पास्कल दाब, त्यामुळे ६० डेसिबल म्हणजे सुमारे ०.०२ पास्कल. हाती धरून गाण्याचा नेहमीचा डायनॅमिक माइक एका पास्कलला साधारण २ मिलिव्होल्ट देतो. म्हणजे एक मीटरवरून आजींचा तो शब्द आपल्या तारेवर येतो तेव्हा तो केवळ ४० मायक्रोव्होल्ट असतो. आता त्याच्या शेजारी गोंगाट ठेवून पाहावा. माइकच्या १५० ओहम रोधातून, यंत्र कितीही चांगले असले तरी, उष्णतेमुळे निर्माण होणारा खरखराट श्राव्य पट्ट्यात सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्ट असतो. तो कोणालाही टाळता येत नाही. त्यात आपला प्री-ॲम्प (माइकचा मंद संकेत मोठा करणारा पहिला टप्पा) स्वतःची भर किती घालतो, एवढेच आपल्या हाती असते.

एनई ५५३२ ही आपल्याकडे कोणत्याही दुकानात मिळणारी चिप थेट माइकला जोडली, तर तिची स्वतःची भर सुमारे ०.७ मायक्रोव्होल्ट होते, म्हणजे माइकपेक्षा तिचाच खरखराट तिप्पट. माइकसाठीच बनवलेल्या आयएनए २१७ सारख्या चिपची भर कमाल गेनवर (संकेत किती पट मोठा होतो ते प्रमाण) ०.१८ मायक्रोव्होल्टच्या आसपास राहते. दोहोंचा हिशोब करता मंद आवाजामागची खरखर सुमारे ८ डेसिबलने उतरते. हा फरक कानाला सहज कळतो आणि पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरने तो तितक्या सफाईने भरून काढता येत नाही. म्हणून पैसा आणि पीसीबीवरची (सारे भाग सोल्डर करण्याच्या छापील पट्टीवरची) जागा यांचा पहिला वाटा प्री-ॲम्पला द्यावा. ५५३२ टाकाऊ मुळीच नाही. आवाज एकदा मोठा झाल्यावर पुढच्या टप्प्यांत तिने वर्षानुवर्षे इमानाने काम केलेले आहे.

याच चिपचा गेन एका रोधाने ठरतो : १० किलोओहमला त्या रोधाने भागून १ मिळवावा. १० ओहमला गेन सुमारे हजारपट, म्हणजे ६० डेसिबल होतो. येथे फिरते पोटेन्शिओमीटर लावण्याचा मोह होतो, पण शेवटच्या काही अंशांत गेन एकदम उसळतो, वर्षभरात तेथेच कुरकुर सुरू होते आणि चार वाहिन्यांचे गेन कधीच एकसारखे लागत नाहीत. बारा घरांचा रोटरी स्विच आणि ठरावीक रोध वापरावेत. रोधाच्या मालिकेत १,००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ठेवला तर घर बदलताना हेडफोनमध्ये बसणारा धक्का जवळजवळ नाहीसा होतो. स्विच महाग पडतो हे खरे. तरीही मागच्या लग्नात आजींचा माइक सातव्या घरावर होता, हे वहीत लिहून ठेवता येण्याची सोय त्या किमतीत मिळते.

आता दुसरे टोक. कोऱ्या कागदावर विजेचा जमाखर्च मांडावा. चार आयएनए २१७, प्रत्येकी सुमारे १० मिलिअँपियर, अधिक-उणे ९ व्होल्टवर, म्हणजे प्रत्येकी ०.१८ वॅट आणि एकूण ०.७२ वॅट. नियंत्रक (यंत्र चालवणारा छोटा संगणक), अनुरूप-अंकीय रूपांतरक (माइकच्या संकेताचे आकडे करणारी चिप) आणि मेमरी कार्ड मिळून सुमारे १ वॅट. हेडफोनचा ॲम्प्लिफायर आणि पडदा यांसाठी ०.४ वॅट. हे २.१ वॅट बॅटरीतून थेट मिळत नाहीत. मधले परिवर्तक, म्हणजे व्होल्टेज बदलून देणारे भाग, आपले कमिशन घेतात. त्यांची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर २.६५ वॅट लागतात. चारपैकी दोन माइक कंडेन्सर (बाहेरून वीज लागणारे) असतील आणि प्रत्येक जण फँटमच्या, म्हणजे माइकच्याच केबलमधून त्याला पुरवायच्या, ४८ व्होल्टवर ३ मिलिअँपियर घेत असेल, तर आणखी ०.३६ वॅट. एकूण बेरीज ३ वॅटवर येते. ३,००० मिलिअँपियर-तासांचे दोन १८६५० लिथियम सेल एकापुढे एक जोडले तर त्यांत २१.६ वॅट-तास असतात. त्यांपैकी ८० टक्केच वापरावेत, म्हणजे सुमारे पावणेसहा तास मिळतात.

येथे एक जागा अशी आहे की जेथे पुष्कळ जण फसतात. फँटमचे मानक एका माइकला १० मिलिअँपियरपर्यंत घेऊ देते. चारही माइक असे खादाड निघाले तर एकट्या फँटमला २.४ वॅट लागतील, यंत्राची एकूण भूक ५ वॅटवर जाईल आणि त्याच सेलांवर साडेतीन तासही निघणार नाहीत. हळदीची रात्र साडेतीन तासांत संपल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. माइक घेण्यापूर्वी त्याच्या माहितीपत्रकात संवेदनशीलतेइतक्याच काळजीने तो किती मिलिअँपियर घेतो हेही वाचावे, फँटमचा स्विच प्रत्येक वाहिनीला स्वतंत्र ठेवावा, आणि सेलांचा दुसरा भरलेला संच खिशात असावा.

विजेच्या या काटकसरीला मोठी परंपरा आहे. स्तेफान कुदेल्स्की या पोलंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने १९५१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पहिला नाग्रा हा खांद्याला अडकवण्याचा टेपरेकॉर्डर बनवला, तेव्हा फीत फिरवण्याचे कष्टाचे काम त्याने बॅटरीवर टाकलेच नाही. त्यासाठी हाताने किल्ली देण्याची स्प्रिंग बसवली आणि बॅटरी केवळ इलेक्ट्रॉनिक भागासाठी राखून ठेवली. नाग्रा या पोलिश शब्दाचा अर्थ ‘मुद्रित करील’ असा आहे. आपल्यापाशी फिरणारे काही उरलेले नाही, पण तोच प्रश्न आपणही प्रत्येक भागाला विचारावा : हे काम बॅटरीनेच करायला हवे का? पडद्यामागचा दिवा सतत जळायला हवा का? हेडफोनचा ॲम्प्लिफायर कोणी ऐकत नसताना चालू राहायला हवा का?

राहिला मिक्सर. मिसळलेला आवाज हा आपल्या कानासाठी आहे. साठवायचे ते चारही माग (ट्रॅक) वेगवेगळे, आणि तेही फेडरच्या, म्हणजे मिसळताना आवाज कमी-जास्त करण्याच्या दांडीच्या, अलीकडून घेतलेले. याचे कारण मांडवातच सापडते. आजींच्या समोरच्या माइकपासून शेजारची बाई जर ३५ सेंटिमीटर अधिक दूर बसली असेल, तर तिचा आवाज तिच्या स्वतःच्या माइकमध्ये एकदा आणि आजींच्या माइकमध्ये सुमारे एक मिलिसेकंद उशिरा असा दोनदा येतो. दोन्ही मिसळले की ५०० हर्ट्झच्या आसपास आणि पुढे ठरावीक अंतराने आवाज एकमेकांना खाऊन टाकतात आणि बाई डब्यातून बोलत असल्यासारखी वाटते. मिसळून झाल्यावर ही इजा दुरुस्त होत नाही. माग वेगळे असतील तर घरी बसून एक माइक खाली ओढता येतो किंवा मिलिसेकंदाने सरकवता येतो. शिवाय चार माइक सारख्या गेनवर एकत्र उघडे ठेवले की खरखर एका माइकच्या तुलनेत ६ डेसिबलने वाढते, हेही आहेच.

मिसळण्याचे काम आपण नियंत्रकाकडे द्यावे. गुणाकार आणि बेरीज याखेरीज त्यात काही नाही, आणि ते अनुरूप पद्धतीने करायला लागणारे चार-सहा ऑप-ॲम्प व त्यांची वीज वाचते. टीन्सी ४.१ सारखा ६०० मेगाहर्ट्झचा नियंत्रक या कामाला पुरून उरतो आणि त्यावर कार्डाची खाचही आहे. एक गोष्ट मात्र आधीच ध्यानात घ्यावी : त्याच्यासोबत मिळणारे तयार ऑडिओ ग्रंथालय (सॉफ्टवेअरचा संच) १६ बिटांत काम करते. २४ बिटांचे माग हवे असतील तर रूपांतरकाकडून येणारे नमुने (आवाजाचे क्षणाक्षणाचे आकडे) स्वतः उचलून कार्डावर लिहिणारा भाग आपल्याला लिहावा लागेल. पदविकेच्या जोरावर ते जमण्यासारखे आहे, पण लग्नसराईच्या आदल्या आठवड्यात हाती घेण्यासारखे नाही.

प्रश्न : चार महिन्यांच्या खटपटीनंतर माझा दोन वाहिन्यांचा मिक्सर चालू झाला. डायनॅमिक माइकवर तो स्वच्छ आहे. फँटम चालू केला की हेडफोनमध्ये बारीक शीळ ऐकू येते, आणि गंमत म्हणजे दोन कंडेन्सर माइक लावले की शीळ कमी होते, एकच लावला की वाढते. शिवाय खिशातल्या मोबाइलवर फोन येण्याच्या क्षणभर आधी टर्रर्र असा आवाज येतो. डबा प्लॅस्टिकचा आहे. (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : आपण ज्याला गंमत म्हटले आहे तेच निदान आहे. ७ व्होल्टांचे ४८ व्होल्ट करणारा परिवर्तक भार असेल तेव्हा सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतो आणि ती कानाच्या पलीकडची असते. भार फारच हलका झाला की वीज वाचवण्यासाठी तो काही फेऱ्या गाळू लागतो, मधूनमधून झुबक्यांनी काम करतो, आणि त्या झुबक्यांची गती थेट श्राव्य पट्ट्यात उतरते. दोन माइकांचा भार त्याला जागा ठेवतो, एका माइकवर तो डुलक्या काढू लागतो. आपल्या चिपला फेऱ्या न गाळता सतत चालण्याची सोय असेल तर तिची ती पिन योग्य बाजूला बांधावी. नसेल तर ४८ व्होल्टवर कायमचा एक छोटा रोध ठेवून त्याला जागे ठेवावे लागेल. २ मिलिअँपियरसाठी २४ किलोओहम पुरतो, पण त्यात ०.१ वॅट कायमचे जातात, म्हणून पहिला उपाय श्रेयस्कर.

दोहोंपैकी काहीही केले तरी परिवर्तक आणि माइक यांच्यामध्ये एक चाळणी लागतेच. १०० ओहमचा रोध आणि त्यापुढे ६३ व्होल्टचा १०० मायक्रोफॅरड कॅपॅसिटर ठेवला तर १६ हर्ट्झच्या वरचे सारे क्रमाक्रमाने गाळले जाते. दोन माइकांनी मिळून अगदी २० मिलिअँपियर घेतले तरी रोधात २ व्होल्टच पडतात आणि मानक ४४ ते ५२ व्होल्टांची मुभा देते. परिवर्तकाची कॉइल बंद गाभ्याची, म्हणजे झाकलेली असावी आणि ती पीसीबीवर प्री-ॲम्पपासून जितकी दूर नेता येईल तितकी न्यावी.

याच संदर्भात एक तपासणी सुचवतो. माइकच्या दोन तारांना ४८ व्होल्ट देणारे ६.८ किलोओहमचे रोध आपण बाजारातून एक टक्क्याचे आणून तसेच लावले आहेत का? दोन्ही तारांवर सारखीच येणारी शीळ प्री-ॲम्प वजा करून टाकतो, पण रोध असमान असतील तर ती वजाबाकी बिघडते आणि उरलेला अंश आवाज बनून पुढे जातो. मानकानुसार जोडीतला फरक ०.४ टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे २७ ओहमच्या आत हवा. लॅमिंग्टन रोडवरून शंभर रोधांची पट्टी आणावी आणि दुपारी पंखा बंद करून, मल्टिमीटर लावून, एकेकाचे माप कागदावर चिकटवलेल्या रोधाखाली लिहीत बसावे. बोटाच्या उबेनेही शेवटचा आकडा हलतो, म्हणून रोध चिमट्याने धरावा. तासाभरात दहा-बारा जोड्या अशा निघतात की त्यांच्यातला फरक मीटरला दिसतच नाही. हा आमचा स्वतःचा आवडता उद्योग आहे, हे कबूल करतो.

टर्रर्र आवाजाचे कारण वेगळे आहे. जुन्या टू-जी पद्धतीत मोबाइल सलग बोलत नाही, दर ४.६ मिलिसेकंदांनी आपल्या वाट्याच्या क्षणात जोराचा स्पंद सोडतो. त्यामुळे २१७ हर्ट्झची टर्रर्र तयार होते. फोर-जीवरचा फोनही हाक येताना काही वेळा टू-जीवर उतरतो, म्हणून ती आपल्याला आधी ऐकू येते. यावर प्लॅस्टिकच्या डब्यात पूर्ण इलाज नाही. ॲल्युमिनियमचा ओतीव डबा घ्यावा. एक्सएलआर, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या, सॉकेटची पिन १ आत पीसीबीवर फिरवून आणू नये. ती सॉकेटपाशीच, आखूड तारेने डब्याच्या धातूला जोडावी, कारण केबलच्या जाळीवर गोळा झालेला कचरा पीसीबीच्या जमिनीवरून (ग्राउंडवरून) गेला की त्याचा आवाज होतोच. पिन २ आणि ३ पासून डब्याला प्रत्येकी १०० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर लावावा. आणि सॉकेटचे स्क्रू बसतात तेथला रंग पॉलिश पेपरने उघडा धातू दिसेपर्यंत खरवडावा. डबा धातूचा असूनही टर्रर्र येते अशी तक्रार घेऊन आलेल्या तीन यंत्रांपैकी तिन्हींत आम्हाला तो रंगच आढळला होता.

प्रश्न : विष्णुदास भावे नाट्यगृहात आमच्या हौशी संस्थेचा प्रयोग होता. मी बनवलेल्या यंत्रावर मुद्रण सुरू होते आणि तिसऱ्या अंकात बॅटरी उतरली. घरी येऊन पाहिले तर कार्डावर शून्य बाइटची एक फाइल. अडीच तासांचे काहीच हाती लागले नाही. काही मिळवता येईल का? पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे? (एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : कार्डावर अजून काही लिहिले नसेल तर आशा आहे. नमुने कार्डावर बहुधा उतरलेले आहेत. उतरलेला नाही तो त्यांचा पत्ता. वेव्ह फाइलच्या सुरुवातीला आपली लांबी लिहिण्याच्या जागा असतात आणि घरी लिहिलेले बहुतेक प्रोग्रॅम त्या जागा फाइल बंद करतानाच भरतात. कार्डाच्या अनुक्रमणिकेतली लांबीही तेव्हाच नोंदली जाते. आधी कार्डाची जशीच्या तशी प्रतिमा संगणकावर घ्यावी, कार्ड बाजूला ठेवून द्यावे आणि त्या प्रतिमेतून नमुन्यांचा भाग कापून काढावा. मग ऑडॅसिटीसारख्या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये तो कच्चा डेटा म्हणून उघडावा आणि २४ बिट, लिटल-एंडियन, आपल्या मागांची संख्या आणि ४८,००० हे चार तपशील द्यावेत. बिटांचा आकडा चुकला तर सारा आवाज धबधब्यासारखा येतो. त्याने घाबरून जाऊ नये, आकडा बदलून पुन्हा उघडावे. सुरुवात एखाद्या बाइटने चुकली तरीही असेच होते, तेव्हा एकेक बाइट सरकवून पाहावे.

हे आमच्याही वाट्याला आले आहे. कळव्याच्या एका घरगुती बैठकीत आमच्या पहिल्या यंत्राच्या बॅटरीचे झाकण पाय लागून उघडले आणि चाळीस मिनिटांचे गाणे गेले. गायिकेने काही म्हटले नाही, चहा मात्र गार झालेला मिळाला. त्यानंतर आम्ही तीन गोष्टी कधीच सोडल्या नाहीत.

पहिली, दर दहा सेकंदांनी लांबीच्या जागा आणि अनुक्रमणिका नव्याने लिहायच्या. म्हणजे वाईटात वाईट प्रसंगी दहा सेकंदच जातात. दुसरी, यंत्राने बॅटरीचा व्होल्टेज स्वतः मोजत राहायचे आणि दोन लिथियम सेलांच्या संचाला ६.२ व्होल्टवर फाइल सन्मानाने बंद करून मगच डोळे मिटायचे. ६.८ व्होल्टलाच लाल दिवा लुकलुकू लागला तर माणसाला सेल बदलायला वेळ मिळतो. तिसरी गोष्ट झाकणासाठी आहे. झाकण उघडले तर व्होल्टेज हळूहळू उतरत नाही, एकदम जातो. तेथे साधा मोठा कॅपॅसिटर पुरत नाही. ४,७०० मायक्रोफॅरडमध्ये ७ व्होल्टपासून ५ व्होल्टपर्यंत जेमतेम ०.०६ जूल असतात आणि अंकीय भागाला दर सेकंदाला १ जूल लागतो. नियंत्रकाच्या ५ व्होल्टच्या वाटेवर २.७ व्होल्टचे, १ फॅरडचे दोन सुपरकॅपॅसिटर मालिकेत लावावेत. ५ व्होल्टपासून ३.६ व्होल्टपर्यंत उतरताना ते ३ जूल देतात, म्हणजे फाइल बंद करायला तीन सेकंद. ते प्री-ॲम्पकडे वीज परत ढकलणार नाहीत यासाठी अलीकडे एक डायोड हवा, आणि चालू करताना ते सारा प्रवाह ओढून घेणार नाहीत यासाठी एक छोटा रोध हवा.

आपण चार माग आणि दोन मिसळलेले असे सहा माग साठवत असाल तर आणखी दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत. सहा माग म्हणजे सेकंदाला ८,६४,००० बाइट, तासाला ३.१ जीबी. कार्डावर फाइली मांडण्याच्या फॅट ३२ पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणजे ८२ मिनिटांनंतर यंत्राने एकही नमुना न गमावता दुसरी फाइल उघडायला हवी. मराठी नाटकाच्या पहिल्या दोन अंकांना मध्यंतरासह एवढा वेळ लागतोच. दुसरा आकडा कार्डाच्या सुस्तीचा आहे. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डाला मानकाने पाव सेकंद आणि त्याहून मोठ्या कार्डाला अर्धा सेकंद थांबण्याची मुभा दिलेली आहे, मग पाकिटावर वेग कितीही छापलेला असो. त्या काळात येणारे नमुने ठेवायला किमान सेकंदभराची, म्हणजे सुमारे ९ लाख बाइटांची तात्पुरती जागा हवी. टीन्सी ४.१ ची स्वतःची स्मृती १ एमबी असल्याने ती जागा आत बसवणे अवघड आहे. त्याच्या पाठीवर ८ एमबीची जादा चिप सोल्डर करण्याची सोय आहे, ती वापरावी.

प्रश्न : ३२ बिट फ्लोट (अगदी मंद ते अगदी मोठा आवाज सामावणारी साठवणीची पद्धत) असेल तर गेनचे बटणच लागत नाही, असे सांगतात. मग प्री-ॲम्पवर एवढा खर्च कशाला? (एक वाचक, वाशी)

उत्तर : तयार यंत्रांत ही किमया दोन रूपांतरकांनी साधलेली असते. एक मंद आवाजासाठी, दुसरा मोठ्या आवाजासाठी, आणि दोहोंतून येणारे नमुने जोडून ३२ बिटांत लिहिले जातात. त्या रूपांतरकांच्या अलीकडे प्री-ॲम्प असतोच आणि त्याची खरखर ३२ बिटांत तितक्याच निष्ठेने लिहिली जाते. माइक स्वतः फाटला असेल तर फाटलेला आवाजही. घरगुती यंत्रात एक चांगला २४ बिटांचा रूपांतरक घ्यावा. कागदावर तो १४४ डेसिबलचा असतो, प्रत्यक्षात ११० ते १२० डेसिबल देतो आणि तेवढे पुष्कळ आहे. सर्वांत मोठा आवाज कमाल पातळीच्या २० डेसिबल खाली राहील असा गेन लावून मोकळे व्हावे. फाइलही एक चतुर्थांशाने लहान राहते.

प्रश्न : १८६५० सेल स्टेशनजवळ फार स्वस्तात मिळाले. वर ९,९०० मिलिअँपियर-तास छापले आहे. आपल्या हिशोबाने माझे यंत्र अठरा तास चालायला हवे. दोन तासही चालत नाही. दोष कोठे शोधावा? (एक वाचक, कळवा)

उत्तर : यंत्रात शोधू नये. या आकाराच्या चांगल्या सेलांची क्षमता साधारणपणे २,५०० ते ३,५०० मिलिअँपियर-तास असते. १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या नळकांड्यात ९,९०० बसवण्याची विद्या अद्याप कोणाला साधलेली नाही. ओळखीच्या सोनाराकडे काटा असेल तर सेल त्यावर ठेवून पाहावा. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. आम्ही एकदा असाच एक सेल तोलला तेव्हा तो ३१ ग्रॅम भरला होता. आतली जागा रिकामी असली की वजन खोटे बोलत नाही.

मापायचे असेल तर सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरून त्याला ७.५ ओहमचा, ५ वॅटचा रोध लावावा आणि व्होल्टेज ३ वर येईपर्यंतचे तास मोजावेत. प्रवाह सरासरी अर्ध्या अँपियरच्या आसपास राहतो, म्हणून तासांची निम्मी संख्या म्हणजे त्याची क्षमता अँपियर-तासांत. रोध चांगलाच तापतो, तो फरशीच्या तुकड्यावर ठेवावा आणि जवळून हलू नये, कारण ३ व्होल्टच्या खाली ओढलेला लिथियम सेल पुढे भरताना धोकादायक होऊ शकतो. बदली सेल घेताना दोन्ही एकाच वेळी, एकाच नमुन्याचे घ्यावेत. मालिकेत एक सशक्त आणि एक दुबळा जोडला की दुबळा आधी तळाला जातो आणि सशक्त त्याला तेथून आणखी खाली ढकलतो. म्हणून संचावर प्रत्येक सेलकडे स्वतंत्रपणे लक्ष ठेवणारी संरक्षक पट्टी लावल्याशिवाय तो यंत्रात बसवू नये. हातातले जुने सेल ओल्या कचऱ्यात टाकू नयेत, टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावेत.